करडी पात्रे (विज्ञानकथा मालिका)

करडे पात्र म्हणजे कथेतील अशी व्यक्तिरेखा, जिला नायक किंवा खलनायक यांपैकी एकाच रकान्यात निश्चितपणे बसविता येत नाही. अशा पात्राच्या हातून गंभीर अपराध घडलेले असतात. तरीही त्याची बुद्धी, विनोद, दुःख किंवा निष्ठा प्रेक्षकाला आपल्याकडे ओढते. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकांमध्ये अशी पात्रे विशेष लोकप्रिय ठरली आहेत आणि त्यांच्यावरून प्रेक्षकांत तितकेच तीव्र मतभेदही झाले आहेत. मराठी दूरचित्रवाणीवर विज्ञानकथा मालिकांची सलग परंपरा निर्माण झाली नाही. तथापि हाच प्रश्न मराठी रंगभूमीवर, पौराणिक कादंबरीत आणि अलीकडे गूढमालिकांत ठळकपणे पुढे आला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

संज्ञा व सीमा

'करडा' हा शब्द येथे काळ्या आणि पांढऱ्या रंगांमधील छटा या अर्थाने योजला जातो. समीक्षेत 'संदिग्ध व्यक्तिरेखा' असाही शब्दप्रयोग आढळतो. करडे पात्र आणि पश्चात्ताप पावलेला खलनायक यांत फरक करणे आवश्यक आहे. वाल्याचा वाल्मीकी झाला की संदिग्धता संपते, कारण कथेनेच निवाडा दिलेला असतो. करड्या पात्राच्या बाबतीत कथा निवाडा लांबणीवर टाकते, किंवा देतच नाही. तो प्रेक्षकावर सोपविला जातो आणि तेथेच वादाला तोंड फुटते.

संस्कृत नाट्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. धनंजयाच्या 'दशरूपका'त नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले असून प्रतिनायकाला धीरोद्धत म्हटले आहे. म्हणजे अहंकारी व कपटी अशा प्रतिनायकालाही 'धीर' हे विशेषण नाकारलेले नाही. दुसऱ्या बाजूला 'रसाभास' ही संकल्पना आहे. भाव खरा असला तरी तो अनुचित ठिकाणी असेल, तर त्यातून शुद्ध रस न होता रसाचा आभास होतो, असे शास्त्रकार मानतात. सीतेविषयी रावणाला वाटणारी ओढ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आजच्या मालिकांवरील वाद पुष्कळदा याच मुद्द्यावर येऊन ठेपतो. अपराध्याच्या प्रेमकथेत प्रेक्षक रंगून जातो तेव्हा त्याला मिळतो तो रस की रसाभास?

विज्ञानकथेतच का?

कौटुंबिक मालिकेत एखाद्याने दुसऱ्याचा जीव घेतला तर तो खून ठरतो आणि चर्चा तेथेच संपते. विज्ञानकथा परिस्थितीच बदलून टाकते. यानात प्राणवायू चौघांपुरता आणि माणसे पाच. मानवजातीतील काही हजार जीव उरलेले आणि त्यांतील एकावर हेरगिरीचा संशय. गुन्हा करणारे यंत्र, पण त्याला तसे घडविणारा माणूस. अशा स्थितीत नेहमीचे नीतिनियम पुरे पडत नाहीत आणि जो थंडपणे हिशेब करतो तोच उपयोगी ठरतो. करडे पात्र बहुधा हा हिशेब करणारेच असते.

दुसरे कारण दूरत्वाचे आहे. परग्रहावरील लष्करी राजवटीचा अधिकारी ओळखीच्या कोणत्याही देशाचा, जातीचा वा पक्षाचा नसतो. त्यामुळे प्रेक्षक त्याच्याकडे पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहू शकतो. मात्र हे दूरत्व दुधारी आहे. अधिकारी परका, तसे त्याचे बळीही परके. आणि परक्यांचे दुःख विसरणे सोपे जाते.

तिसरे कारण केवळ व्यावसायिक आहे. मालिका वर्षानुवर्षे चालते, आणि चांगला नट प्रत्येक भागात दिसत राहिला की त्याची सवय होते. अमेरिकेतील 'लॉस्ट इन स्पेस' (१९६५–१९६८) या मालिकेतील डॉ. झकरी स्मिथ हा मुळात यान नष्ट करण्यासाठी आलेला घातपाती होता आणि थोड्याच भागांत त्याचा शेवट करण्याचा विचार होता. जोनाथन हॅरिस या नटाने आपले संवाद स्वतः फिरवून त्याला भित्रा, आळशी, वाक्चतुर विदूषक बनविले. स्मिथ अखेरपर्यंत टिकला आणि कथेतील मूळ कुटुंब मागे पडले. येथे नैतिक प्रश्न सुटला नाही. तो हशात विरला.

ब्लेक्स सेव्हन

करड्या पात्राचा पूर्ण विकास प्रथम पाहावयास मिळतो तो बीबीसीच्या 'ब्लेक्स सेव्हन' या मालिकेत. टेरी नेशन यांनी निर्माण केलेल्या या मालिकेचे ५२ भाग जानेवारी १९७८ ते डिसेंबर १९८१ या काळात प्रसारित झाले. जुलमी संघराज्याविरुद्ध लढणारा ब्लेक हा आदर्शवादी नायक, आणि त्याच्या टोळीतील केर एव्हॉन हा संगणकतज्ज्ञ अफरातफरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला कैदी. पॉल डॅरो यांनी साकारलेला एव्हॉन कोणाच्याही उपकाराखाली राहत नाही, आपण स्वार्थी आहोत हे स्वच्छ सांगतो आणि तरी दर वेळी संकटात उडी घेतो. दुसऱ्या पर्वानंतर ब्लेक कथेतून दूर झाला आणि पुढारपण एव्हॉनकडे आले.

चौथ्या पर्वातील 'ऑर्बिट' या भागातील प्रसंग या संदर्भात वारंवार सांगितला जातो. एव्हॉन आणि त्याचा सहकारी व्हिला हे एका लहान यानात आहेत. यान कक्षेत पोहोचण्यासाठी सुमारे ७० किलो वजन कमी करावयास हवे. शक्य ते सर्व बाहेर फेकून झाल्यावर एव्हॉन संगणकाला उपाय विचारतो, आणि संगणक उत्तरतो की व्हिलाचे वजन ७३ किलो आहे. त्यानंतर एव्हॉन हाती शस्त्र घेऊन, आवाज गोड करून, लपून बसलेल्या व्हिलाला हाका मारीत फिरतो. ऐन वेळी त्याला खरे जड वस्तुमान सापडते आणि व्हिला वाचतो. मात्र या प्रसंगानंतर त्या दोघांत पूर्वीसारखे काही उरत नाही.

एव्हॉनचे चाहते म्हणतात की त्याने हिशेब केला तो बरोबरच होता. दोघे मरण्यापेक्षा एक वाचलेला बरा. विरोधकांचे म्हणणे असे की हिशेब मांडणे वेगळे आणि मित्राला गोड हाक मारून मृत्यूकडे बोलावणे वेगळे. प्रस्तुत लेखकास दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. पण हा भाग स्मरणात राहतो तो पहिली बाजू पुरती खोडून काढता येत नाही म्हणून. मालिकेच्या शेवटच्या भागात एव्हॉन विश्वासघाताच्या चुकीच्या संशयावरून प्रत्यक्ष ब्लेकलाच गोळ्या घालतो.

डुकाट आणि लेखकांचा हस्तक्षेप

प्रेक्षकांची सहानुभूती लेखकांनाच अस्वस्थ करते, असे क्वचित घडते. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' (१९९३–१९९९) या मालिकेतील गल डुकाट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. डुकाट हा बेजोर ग्रहावरील परकीय ताब्याच्या काळातील मुख्य प्रशासक. त्याच्या राजवटीत सक्तीची मजुरी, छळ व हत्या झाल्या, हे मालिकेत आरंभापासून सांगितलेले आहे. परंतु मार्क अलेमो यांनी ती भूमिका इतक्या रुबाबाने केली, आणि मधल्या पर्वांत अनौरस मुलीसाठी पद गमावणारा बाप म्हणून तो इतका हृद्य वाटला, की अनेक प्रेक्षक त्याला गैरसमज झालेला देशभक्त मानू लागले. बेजोरची माजी स्वातंत्र्ययोद्धा कीरा हिच्याशी त्याचे प्रेम जुळावे, असाही विचार पुढे आला होता. कीराची भूमिका करणाऱ्या नाना व्हिजिटर यांनी त्याला ठाम विरोध केला. ज्याने आपल्या लोकांना चिरडले त्याच्या प्रेमात ही स्त्री पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मान्य झाले.

मालिकेचे प्रमुख आयरा स्टीव्हन बेअर यांनाही हे कौतुक पटत नव्हते. १९९८ मध्ये प्रसारित झालेल्या 'वॉल्ट्झ' या भागात रोनाल्ड मूर या लेखकाने डुकाटला एका गुहेत आपल्या शत्रूसमोर बसविले आणि त्याच्याच तोंडून त्याचे अंतरंग वदवून घेतले. आपण दयाळू होतो, असे सांगता सांगता डुकाट शेवटी कबूल करतो की सर्व बेजोरवासीयांना ठार मारावयास हवे होते. यानंतर शंकेला जागा राहू नये, अशी अपेक्षा होती. तरीही वाद मिटला नाही. काही चाहत्यांनी असे म्हटले, की एका समृद्ध पात्राला लेखकांनी मुद्दाम राक्षस केले. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही, कारण पुढील पर्वांतील डुकाट खरोखरच उथळ झाला आहे. पण ज्या राजवटीत हजारो बळी पडले तिच्या प्रमुखाविषयी 'तो मुळात चांगला होता' असे म्हणणे सोपे का जाते, हा बेअर यांचा प्रश्नही त्यामुळे निकाली निघत नाही.

त्याच वर्षी आलेल्या 'इन द पेल मूनलाइट' या भागात तर प्रत्यक्ष नायकच करडा होतो. युद्ध हरत असल्याचे पाहून कप्तान सिस्को एका तटस्थ साम्राज्याला आपल्या बाजूने ओढण्यासाठी बनावट पुरावा तयार करवितो. पुढचे काम पूर्वाश्रमीचा हेर व आताचा शिंपी गॅरक पुरे करतो: त्या साम्राज्याचा प्रतिनिधी मारला जातो आणि संशय शत्रूवर जातो. सिस्को ही सारी हकिकत आपल्या रोजनिशीत नोंदवितो आणि अखेरीस ती नोंद पुसून टाकतो.

बॅटलस्टार गॅलॅक्टिका

रोनाल्ड मूर यांनीच पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' (२००३ ची लघुमालिका; २००४–२००९) नव्याने उभी केली. तीतील शास्त्रज्ञ गायस बाल्टार याने मोहात पडून संरक्षणयंत्रणेची किल्ली अजाणता शत्रूच्या हाती दिली आणि त्यातून मानवजातीचा संहार झाला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष होतो, शत्रूच्या ताब्याखाली नामधारी सत्ता चालवितो, डोक्याला पिस्तूल लावलेले असताना मृत्युदंडाच्या आदेशांवर सही करतो. त्याच्यावरील खटल्यात न्यायाधीश तीन विरुद्ध दोन मतांनी त्याला निर्दोष ठरवितात. बचावाचा रोख असा, की येथे प्रत्येकाच्या हातून काही ना काही अक्षम्य घडले आहे आणि सर्वांना माफी मिळाली. मग एकट्या बाल्टारलाच का वगळावे? तिसऱ्या पर्वाच्या आरंभी मालिकेतील नायकपक्षच परकीय ताब्याविरुद्ध आत्मघाती स्फोटांचा अवलंब करताना दाखविला होता. २००६ मध्ये, इराकमधील युद्ध चालू असताना, अमेरिकी प्रेक्षकाला हे पाहावे लागणे सोपे नव्हते. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क व संघर्ष या विषयांवर चर्चासत्र झाले.

मराठीतील स्थिती

मराठी विज्ञानकथेचा विकास मुख्यतः लघुकथेच्या अंगाने झाला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांमधून १९७० नंतर लेखकांची एक पिढी पुढे आली. जयंत नारळीकर यांची 'कृष्णविवर' ही कथा अशाच स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेली होती. लघुकथेत कल्पना हीच नायिका असते आणि पात्रे तिच्या दिमतीला असतात. करडे पात्र मुरण्यासाठी लागणारा अवकाश तेथे मिळत नाही. (नारळीकरांच्या पानिपतावरील प्रसिद्ध कथेत पर्यायी इतिहासातील आगगाडी पुण्याहून लोणावळामार्गे मुंबईला जाते. मावळातील विद्यार्थ्यांना त्या कथेतील हा परिचित घाट विशेष भावतो. पण तेथेही बदलतो तो इतिहास, नायकाची नीती नव्हे.) हिंदीत दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' आणि १९९८ च्या सुमारास 'कॅप्टन व्योम' या मालिका आल्या. त्यांत सज्जन-दुर्जनांची विभागणी स्वच्छ होती. 'शक्तिमान'मधील तमराज किल्विषची घोषणा मुलांच्या तोंडी बसली, पण त्याच्या बाजूने वाद घालणारे कोणी नव्हते.

मराठीत हा वाद प्रथम पेटला तो कादंबरी व नाटक यांवर. १९६७ मध्ये शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिल्यात कर्ण हा अन्याय सोसणारा उदात्त नायक आहे. दुसऱ्यात 'मी कोण?' या प्रश्नाने पछाडलेला आणि त्यापायी स्वतःचे व इतरांचे नुकसान करणारा माणूस आहे. द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने काढलेले उद्गार क्षम्य मानावयाचे की नाहीत, यावर शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्व स्पर्धांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या आहेत.

विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. दिग्दर्शक जब्बार पटेल होते आणि नाना फडणवीसांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली होती. अपमानित परप्रांतीय ब्राह्मण घाशीराम आपली मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवितो आणि मग शहराचा सूड घेतो. अखेर जमाव त्याला ठार करतो आणि नाना सुरक्षित राहतो. घाशीराम एकाच वेळी बळी आणि अत्याचारी आहे. विरोध मात्र झाला तो त्याच्या चित्रणाला नव्हे, तर नानाच्या. मूळ संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबविले; पुढे कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी स्थापन करून ते चालू ठेवले, आणि १९८० मधील परदेश दौऱ्याच्या वेळी वाद पुन्हा उसळला. यावरून एक गोष्ट दिसते. करडेपणा निनावी माणसाला लागला तर खपतो; पूज्य नावाला लागला की खपत नाही. विज्ञानकथेचे परग्रह या अडचणीतून सुटका करून देतात, आणि हाच त्यांचा दोष आहे असेही म्हणता येईल.

अण्णा नाईक

मराठी दूरचित्रवाणीवर या प्रकारात जवळचे उदाहरण म्हणजे झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' ही गूढमालिका. तिचे पहिले पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाले. चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथे झाले आणि संवादांत मालवणी बोलीचा मोठा वाटा होता. पहिल्या पर्वाचा आरंभ अण्णा नाईक या कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूने होतो. त्या वेळी कोकणाची बदनामी होते व अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेप घेण्यात आले. म्हणजे आक्षेप भुतांवर होता, माणसावर नव्हता.

जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि जिवंत अण्णा दाखविला. हा अण्णा जमिनी बळकावतो, बायकोला छळतो, परस्त्रियांवर हात टाकतो, खून करतो. माधव अभ्यंकर यांच्या अभिनयामुळे तो घराघरात पोहोचला. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता आणि अण्णा ही जोडी तर विनोदाचा, नकलांचा आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रांचा विषय बनली. एका बाजूच्या प्रेक्षकांना यात गावगाड्यातील सत्तेचे प्रामाणिक दर्शन दिसले: असा एक अण्णा आपल्याही गावात होता, असे ते म्हणत. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्यावर त्याने अत्याचार केले त्या पात्रांची नावेही नकलांत उरली नाहीत, याकडे लक्ष वेधले गेले. शकुंतला नरे यांनी साकारलेली माई, म्हणजे अण्णाची पत्नी इंदू, हे या मालिकेतील सर्वाधिक सोसणारे पात्र. तिच्या वाट्याला सहानुभूती आली, पण अण्णाएवढी प्रसिद्धी आली नाही. तिसऱ्या पर्वात (२०२१–२०२२) अण्णा आणि शेवंता भुतांच्या रूपाने परत आले. निर्मात्यांनी प्रेक्षकांची आवड ओळखली होती, असेच यावरून म्हणावे लागते. डुकाटच्या बाबतीत लेखकांनी आवडीला विरोध केला. येथे तिला वाट करून दिली.

मावळातील एक पूर्वसूत्र

शत्रूचे कौतुक आणि त्याच्या कृत्याचा निषेध एकत्र नांदू शकतात, याचा मावळात एक जुना दाखला आहे. पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत घेणाऱ्या रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यास आली. तिच्यातील कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा धाडसी अधिकारी ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे मारला गेला. पुढे फौज तळेगावापर्यंत आली, पण वाटेवरील गावे ओस पडलेली व रसद तुटलेली असल्याने मागे फिरली. वडगाव येथे मराठ्यांनी तिला वेढले आणि तेथेच इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला.

मराठ्यांनी या स्टुअर्टला 'इष्टुर फाकडा' असे नाव दिले. फाकडा म्हणजे शूर, डौलदार, बेदरकार गडी. मानाजी शिंदे या मराठा सरदारालाही हेच बिरुद होते. ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नाव लोकांच्या तोंडी असल्याची नोंद केली आहे, आणि वडगाव मावळ येथे इष्टुर फाकड्याचे स्मारक आजही दाखविले जाते. तो ज्या कामासाठी आला होता ते काम चांगले होते, असे मावळात कोणी म्हणत नाही. उलट ज्याच्यासाठी ही फौज आली तो रघुनाथराव अटकेपर्यंत धडकलेला सेनानी होता, तरी त्याच्या वाट्याला 'राघोभरारी' या गौरवाबरोबर नारायणरावाच्या खुनाचा डागही कायमचा आला. 'फाकडा' या शब्दात शौर्याची दाद आहे, चारित्र्याचे प्रमाणपत्र नाही. एव्हॉन किंवा गॅरक यांच्यासाठी मराठीत एकच शब्द योजावयाचा झाल्यास तो हाच ठरेल. डुकाट आणि अण्णा नाईक यांना तो लावता येणार नाही.